गच्ची कोणाची?

गेल्या गणपतीत नेरूळला गेलो असताना, आरती आटोपून पानात मोदक पडायच्या आतच काकांनी विषय काढला. "तुमच्या जर्मनीतल्या त्या हाबेकने अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळसा जाळला, आणि तू इथे येऊन आम्हाला सौरऊर्जेचे धडे देणार?" काकांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षे विजेची देखभाल पाहिली आहे, त्यामुळे त्यांच्याशी मोघम बोलून भागत नाही. हॅम्बुर्गला परतल्यावर सावकाश विचार केला, तेव्हा वाटले की काकांचा आरोप अर्धा खरा आहे. पण हाबेक यांची खरी चूक वेगळीच आहे, आणि ती नवी मुंबईतल्या माणसाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

ग्रीन पक्षाचे रोबर्ट हाबेक डिसेंबर २०२१ ते मे २०२५ या काळात जर्मनीचे उपचॅन्सलर होते आणि ऊर्जा खातेही त्यांच्याकडेच होते. अणुवीज सोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हे. फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ मध्ये अँगेला मेर्केल यांच्या सरकारने तो पक्का केला होता. उरलेल्या तीन अणुभट्ट्या २०२२ च्या अखेरीस बंद व्हायच्या, त्या युक्रेन युद्धामुळे १५ एप्रिल २०२३ पर्यंत चालल्या. रशियाचा वायू थांबल्यावर बाजूला काढलेली कोळसा केंद्रे पुन्हा पेटवण्याची वाट मात्र हाबेक यांनीच मोकळी केली, आणि पर्यावरणवादी पक्षाचा हा मंत्री वायूसाठी कतारच्या दारातही जाऊन आला. उरणचे ६७२ मेगावॅटचे वायू विद्युत केंद्र वायूअभावी कमी क्षमतेने चालताना ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले, त्यांना या अगतिकतेचे नवल वाटू नये. त्या हिवाळ्यात मला तरी त्यांचे पटले होते.

त्यांचे सर्वांत भक्कम काम कागदावरचे आहे. २०३० पर्यंत ८० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवायची, देशाची दोन टक्के जमीन पवनचक्क्यांसाठी राखायची आणि असे प्रकल्प सार्वजनिक हिताचे मानून परवानग्यांचा घोळ कमी करायचा, हे कायदे २०२२ मध्ये झाले. त्यांची फळे आज दिसतात.

घसरण झाली ती घराच्या उंबरठ्यावर. २०२३ च्या सुरुवातीला एका कायद्याचा मसुदा फुटला. त्यानुसार १ जानेवारी २०२४ पासून बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हीटिंग यंत्रणेला किमान ६५ टक्के ऊर्जा नवीकरणीय स्रोतांतून घ्यावी लागणार होती. कोणाला किती अनुदान मिळेल हे ठरण्याआधीच सक्तीची बातमी घरोघरी पोहोचली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या घरात आहेत. तळघरातला वायूचा बॉयलर बिघडला तर मला घर विकावे लागेल का, असे त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारले होते. पुढे कायदा बराच सौम्य झाला आणि शहरांच्या उष्णता-आराखड्यांशी, म्हणजे कोणत्या भागातली घरे कशी गरम ठेवायची याच्या नियोजनाशी, जोडला गेला, पण आजींची भीती काही गेली नाही. २०२४ च्या अखेरीस हाबेक लोकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गप्पा मारत प्रचार करू लागले. हीच बैठक त्यांनी दोन वर्षे आधी मारायला हवी होती, असे त्यांचा मतदार असूनही मी म्हणेन. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ११.६ टक्क्यांवर आला.

याच सरकारच्या काळातली एक छोटी गोष्ट मात्र गाजावाजा न होता रुजली. माझ्या दक्षिणेकडच्या बाल्कनीच्या कठड्यावर दोन सौर पॅनेल अडकवलेले आहेत; इन्व्हर्टर ८०० वॅटचा, त्याची वायर साध्या सॉकेटमध्ये. २०२३ पासून त्यावर विक्रीकर नाही, आणि ऑक्टोबर २०२४ पासून घरमालकाला सबळ कारणाशिवाय भाडेकरूला अडवता येत नाही. जूनमध्ये दुपारी फ्रिज आणि राऊटर त्यावर निघतात, डिसेंबरात जवळजवळ काहीच नाही. पण युनिटला ४० सेंटच्या आसपास दर असताना छप्पर नसलेल्या माणसालाही ऊर्जाधोरणात हात घालता आला, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे चर्चा चालते ती आकड्यांची. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी २०२१ मध्ये ग्लासगोत केली, आणि निम्मी स्थापित क्षमता अशी झाल्याचे २०२५ मध्ये जाहीरही झाले. स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक असतो व सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजून कोळशाची आहे, हे काकांसारखा माणूस लगेच सांगतो. पण माझा प्रश्न आणखी खालचा आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते घ्यायला स्वतःचे छत हवे.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत सोळा घरे आहेत. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली आणि गळतीवर घातलेली पत्र्याची शेड वगळली, तर गच्चीवर पंधराशे फूट उरतात, म्हणजे घरटी एक किलोवॅटही नाही. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, त्यातून पंप आणि जिन्यातले दिवे चालतील. त्यातही सिडकोने बांधलेल्या अशा जुन्या इमारतींना पुनर्विकासाचे वेध लागले आहेत. पाचेक वर्षांत पाडायच्या गच्चीवर पंचवीस वर्षे चालणारी पॅनेले कोण बसवील? दूरच्या पॅनेलची वीज आपल्या बिलात वळती करून घेण्याची आभासी नेट मीटरिंगची सोय दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच नियमांत आणली. नवी मुंबईतल्या एखाद्या प्रचारसभेत यावर कोणी बोलल्याचे मी तरी ऐकलेले नाही. ऐकू येते ती मोफत युनिटांची भाषा.

काकांनी परवा फोनवर सांगितले की सर्वसाधारण सभेत सौर पॅनेलचा विषय निघाला, आणि "पुनर्विकासाचे काय ठरते ते पाहून" असा शेरा मारून पुढे ढकलला गेला. जाताजाता त्यांनी एका पॅनेलचे वजन विचारले. मी बावीस किलो म्हणालो. गॅलरीच्या ग्रिलचे वेल्डिंग त्यांनी स्वतः उभे राहून करून घेतलेले आहे, क्षणभर थांबून ते म्हणाले, "पेलेल. पण मीटरचे काय करायचे, ते तुझ्या हाबेकला विचार."