नव्वद टक्के झालेले घर

आज सकाळी आमच्या कंत्राटदाराने दाराच्या चौकटीवर सुकलेला रंगाचा थेंब नखाने खरवडत अगदी सहज सांगितले, "ताई, नव्वद टक्के काम झालंय. आता सामान आणायला हरकत नाही. उरलेलं तुम्ही राहत असतानाच करून टाकू." दुपारी फोनवर काकांनीही जवळजवळ हेच ऐकवले. राहायला गेल्याशिवाय घराचे काम संपत नसते, असे त्यांचे म्हणणे आहे. तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. लांबले तर सांभाळून घ्या.

हे उरलेले दहा टक्के म्हणजे काय, ते आधी सांगते. बाथरूमच्या तळाला वॉटरप्रूफिंग केले आहे, पण त्यात पाणी भरून ठेवून ते गळते की नाही हे अजून कोणी पाहिलेले नाही. दोन खोल्यांच्या भिंतींना लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, दुसरा हात द्यायचा आहे, म्हणजे तो घासायचा आहे आणि त्यानंतर प्राइमर व रंग आहेच. ओट्यामागच्या लाद्यांच्या फटी उघड्या आहेत. आणि तीन स्विचबोर्डांना अजून झाकणे नाहीत. हे शेवटचे वाक्य लिहितानाही माझा हात थबकतो, कारण झाकण नसलेल्या एका बोर्डाबरोबर मी एकोणीस वर्षे राहिले आहे.

मी नववीत असताना याच घराची पहिली मोठी दुरुस्ती झाली होती. तेव्हाही आम्ही भाड्याच्या घरात होतो, तेव्हाही सगळे थकले होते आणि तेव्हाही कोणीतरी नव्वद टक्के हाच आकडा सांगितला होता. आम्ही राहायला आलो. पॅसेजमधल्या एका बोर्डाचे झाकण यायचे राहिले होते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आठ दिवसांत येऊन लावतो. महिनाभराने बाबांनी त्या भोकाच्या वर एक खिळा ठोकला आणि त्यावर कॅलेंडर टांगले. काम संपले! तारीख पाहायला त्या कॅलेंडरकडे कोणीही कधी गेले नाही, कारण तारीख पाहायचे कॅलेंडर स्वयंपाकघरात होते. दर वर्षी 31 डिसेंबरला रात्री आई जुने काढून नवे लावत असे, आणि तेवढ्या दोन मिनिटांत काळ्या टेपने गुंडाळलेल्या वायरी दिसत. बाबा म्हणत, "उद्याच बोलावतो त्याला."

हा दोष त्या इलेक्ट्रिशियनचा नव्हता, हे मला आता पुरते कळले आहे. काम मोठे असते तेव्हा माणसे येतात, कारण दिवसभराची मजुरी मिळते. उरलेले काम मात्र असे असते की त्यात गवंड्याचा अर्धा दिवस लागतो, प्लंबरचा एक तास आणि रंगाऱ्याचा उरलेला अर्धा दिवस. तोही गवंड्याचे काम वाळल्यावर. एका तासासाठी हत्यारांची पिशवी घेऊन कोण येईल? तोवर त्यांचे दुसरीकडे नवे काम सुरू झालेले असते, आणि तिथला मालक अजून भाड्याच्या घरात बसून रोज फोन करत असतो. आपण राहायला गेलो की आपला फोन दुसऱ्या क्रमांकावर जातो, आणि त्यात शेवटचा हप्ताही देऊन टाकला असेल तर तो कोणत्याच क्रमांकावर राहत नाही. कंत्राटदाराला हे सगळे ठाऊक असते. म्हणूनच तो सामान आणायला सांगतो, आणि तेही आपल्या सोयीची काळजी केल्याच्या आवाजात. मला चीड येते ती या आवाजाची.

शिवाय राहत्या घरात लांबी घासणे म्हणजे काय, हे या लोकांनी कधी अंथरुणावर झोपून पाहिले आहे का? ती पांढरी भुकटी बंद कपाटातल्या घड्या केलेल्या कपड्यांत शिरते, पाण्याच्या भांड्यावर तरंगते आणि पुसली की ओली होऊन पुन्हा चिकटते. आमच्या घरात सत्तरी ओलांडलेली आई आहे आणि भावाची दीड वर्षाची मुलगी आहे, जी जमिनीवरची प्रत्येक गोष्ट तोंडात घालते. जुन्या घरांमध्ये खालच्या थरांत शिसे असलेला रंग असू शकतो आणि तो घासला की त्याची धूळ होते. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तिला त्या धुळीत रांगायला सोडायचे? केवळ आमचा एका महिन्याचा कंटाळा वाचावा म्हणून?

भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणे सगळ्यांना झेपत नाही, हे मान्य आहे. काही उणिवा राहायला गेल्यावरच दिसतात, हेही काकांचे खरे आहे. पण राहायला गेल्यावर दिसणारी उणीव वेगळी आणि डोळ्यांसमोर असलेली उणीव कॅलेंडरखाली झाकणे वेगळे.

घाईचा मला राग येतो त्याला आणखी एक कारण आहे. घराचे प्रत्येक काम आधीच्या कामाला झाकून टाकते. नळ आणि वायरी गिलाव्याखाली जातात, गिलावा लांबीखाली जातो, वॉटरप्रूफिंग लादीखाली जाते. गिलाव्याच्या वेळीही अशीच घाई झाली होती. तिसऱ्या दिवशी गवंडी म्हणाला, भिंत वाळली आहे, आता पाणी मारायला नको. मला त्याच्याशी वाद घालावा लागला, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची क्रिया होऊन ते घट्ट होते. म्हणून किमान 7 दिवस ते ओले ठेवायचे असते, आणि काँक्रीटची ताकद मोजायचीच असेल तर ती 28 दिवसांनी मोजतात. उरलेले चार दिवस मीच सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभी राहिले. शेजाऱ्यांना ते विनोदी वाटले असावे.

या वेळी तोडफोड सुरू करण्यापूर्वी आम्ही पॅसेज रिकामा केला, तेव्हा मी ते कॅलेंडर खिळ्यावरून काढले. भोवतालची भिंत धुराने आणि हातांच्या स्पर्शाने मळकट झाली होती, पण कॅलेंडरमागे फिकट निळ्या रंगाचा एक आयत अगदी नवा राहिला होता, पहिल्या दुरुस्तीच्या वेळी बाबांनी निवडलेल्या रंगाचा. त्याच्या मधोमध ते भोक. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. लिहायला बसले तेव्हा मी फार चिडलेली होते, आता तितकी राहिलेली नाही. दिवसभर काम करून थकून आलेल्या माणसाने एक खिळा ठोकला, एवढेच ते होते.

संध्याकाळी आईला कंत्राटदाराचे म्हणणे सांगितले. मला वाटले, ती माझी बाजू घेईल. ती खिडकीपाशी बसली होती; भाड्याच्या घरातल्या या खिडकीतून समोरची भिंत दिसते. ती म्हणाली, "जाऊ या ना. राहिलेलं होईल गं हळूहळू." अगदी बाबांचाच सूर. तिच्यावर मला चिडता आले नाही. तिची भांडी सहा महिने खोक्यांत आहेत आणि तिला तिच्या खिडकीत बसायचे आहे, यात तिचे काय चुकले? थोड्या वेळाने मी फक्त त्या बोर्डाची आठवण काढली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकोणीस कॅलेंडरं लावली मी तिथे."

त्यानंतर मी कंत्राटदाराला फोन करून सांगितले की सामान आणणार नाही आणि शेवटचा हप्ताही आत्ता मिळणार नाही. त्याचा आवाज एकदम कोरडा झाला. होऊ दे. मग मी स्वतः घरी गेले, बाथरूमच्या जाळीच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला, दोन इंच पाणी भरले आणि सुताराच्या पेन्सिलीने भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढून शेजारी वेळ लिहिली: सात वाजून दहा मिनिटे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना छतावर लक्ष ठेवायला सांगून आले आहे. 48 तास जायचे आहेत. परवा संध्याकाळी पाणी त्या रेघेपाशीच असेल आणि काकूंचे छत कोरडे असेल, तर लादीवाल्याला बोलावीन.