खरकट्याची बादली आधी मोजा

आज एका शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर खिचडीने काठोकाठ भरलेली बादली पाहिली. शेजारी पहिलीची पोरं उभी करून त्यांना दम भरणं चाललेलं, "अन्न टाकता? लाज नाही वाटत?" मागे भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रह्म'. डोकंच फिरलं.

अहो, सहा वर्षांच्या मुलीच्या ताटात पाचवीच्या मुलाएवढाच डाव पडतो, मग उरणार नाही तर काय! आधी अर्धाच डाव वाढा, मग "अजून कोणाला?" म्हणत दुसरी फेरी घ्या. ही फेरी रोज झालीच पाहिजे. एक दिवस चुकली की पुन्हा मिळणार नाही या भीतीने पोरं पहिल्यांदाच जास्त मागून घेतात. मोठ्या पटाच्या शाळेत वाढायला हात कमी पडतात, मान्य. पण पाचवीची पोरं हौसेनं वाढतात.

आणि शिकवायचंच असेल तर वजन करायला शिकवा. रिकाम्या बादलीचं वजन आधी लिहून ठेवा. ताट विसळलेलं पाणी तिच्यात जाऊ देऊ नका, आकडा फुगतो. पहिला आठवडा काही बदलू नका, कुणाला बोलू नका, रोजचं वजन फक्त फळ्यावर लिहा. मग चौथीला गणित घाला: शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ. शिजून त्याचं वजन साधारण तिप्पट होतं. म्हणजे 3 किलो खरकटं हे किती जणांचं जेवण? आठ जणांचं! हे उत्तर पोरांनी स्वतः काढलं की दम द्यावा लागत नाही.

वर्गावर्गात स्पर्धा मात्र लावू नका. बक्षीस ठेवलं की घास दप्तरात नाहीतर कुंपणापलीकडे जातात, आणि बादली तेवढी हलकी दिसते.

आजच्या त्या बादलीत काय होतं, हे कुणी वाकून पाहिलं नाही. भाजीच्या मोठ्या फोडी बाजूला काढलेल्या असतील तर बारीक चिरा. करपलेले गोळे असतील तर पोरांचा काय दोष? सगळ्याच ताटांत सारखं उरलं असेल तर वाढप चुकलं. पातेल्यातच उरलं असेल तर आधी हजेरी, मग तांदूळ मोजा. बाजाराच्या दिवशी पोरं कमी येतात, हे अख्ख्या गावाला माहीत असतं.

हो, काही पोरं नखरे करतात. लहान आहेत हो ती. एक घास चाखायला सांगा, कोंबू नका. उलटी झाली की ती भाजी त्या पोरासाठी संपली.

एवढं करून उरेलच ते खताच्या खड्ड्यात नुसतं ओतू नका. शिजलेलं अन्न ओलं, तेलकट. सडतं आणि कुत्री येतात. दुप्पट सुका पाला मिसळून वर मातीचा थर द्या. वास आला तर पाला कमी पडला.