मोरियात ‘सगळं फुकट’ होतं, म्हणजे नेमकं काय होतं?

‘फुकट जेवण, फुकट राहणं, वर हातखर्चाला पैसे, तरी यांच्या तक्रारी संपत नाहीत. पटत नसेल तर निघून जावं! शेवटी छावणीसुद्धा यांनीच जाळली.’ स्थलांतरितांबद्दलचा हा मजकूर सतत पुढे ढकलला जातो आणि त्यात ग्रीसच्या लेस्बोस बेटावरच्या मोरिया छावणीचं नाव हमखास असतं. तेव्हा मोरियाबद्दलच बोलू.

आधी राहणं. छावणी साधारण 3,000 माणसांसाठी होती. 2020च्या सुरुवातीला तिथे वीस हजारांच्या आसपास लोक होते. कुंपणाच्या आत जागा उरली नाही, तेव्हा लोकांनी बाहेरच्या ऑलिव्हच्या बागांत ताडपत्र्या आणि लाकडी पट्ट्या जोडून आसरे उभे केले. आपत्तीच्या काळात अडीचशे माणसांमागे निदान एक नळ असावा, असा जगभर मानला जाणारा निकष आहे. मोरियाच्या काही भागांत 1,300 जणांमागे एक नळ होता. करोनाच्या साथीत हात वारंवार धुवायला सांगत होते, ते याच लोकांना. जेवण मिळायचं, हे खरं. पण प्रत्येक वेळी तासन् तास रांगेत उभं राहून. जानेवारी 2017च्या थंडीत आठवडाभरात तीन पुरुष तंबूंत दगावले. याला कुणी पाहुणचार म्हणत असेल, तर त्याने तिथली एक रात्र डोळ्यांसमोर आणावी.

हातखर्च? एकट्या प्रौढाला महिन्याला 90 युरो. औषध, कपडे, बसभाडं, फोन, सगळं त्यातच.

‘निघून जावं’ हे तर मला सर्वांत अन्यायाचं वाटतं, कारण जायला बंदीच होती. 18 मार्च 2016ला युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यात समझोता झाला. त्यानंतर बेटावर उतरलेल्यांना, काही अपवाद सोडले तर, आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत बेट सोडता येत नव्हतं. निकालाला महिनोन् महिने लागत, कित्येकांना वर्षाहून जास्त. बोटी येतच राहिल्या आणि पुढे जायची वाट बंद. गर्दी झाली ती या नियमामुळे. तिथल्या माणसांच्या हट्टाचा त्यात काही संबंध नाही.

राहिली आग. 8 सप्टेंबर 2020च्या रात्री ती लागली, तेव्हा छावणी मार्चपासून टाळेबंदीत होती. बेटावरच्या इतरांचे निर्बंध कधीच सैल झाले होते. आगीबद्दल खटले चालले ते सहा अफगाण तरुणांवर. बेघर झाले बारा हजारांहून जास्त, त्यांत हजारो मुलं. त्या सगळ्यांना ‘यांनीच’ या एका शब्दात कसं बसवता?

ते लोक कित्येक दिवस रस्त्याच्या कडेला झोपले. मग त्यांच्यासाठी नवे तंबू लागले लष्कराच्या जुन्या गोळीबार मैदानावर, आणि तिथल्या मातीच्या तपासणीत शिसं निघालं.