पाण्याचा हिशोब, आणि काकांनी दाखवलेली डावी कड

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री शिफ्ट संपल्यावर वाचली. लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण हात रागात चालत होता म्हणून ठेवून दिलं. आज सायकल चालवायची नाहीये, रात्री वळीव झालाय आणि माती अजून ओली आहे, त्यामुळे निवांत लिहितोय. लांबेल, चालवून घ्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमधल्या व्हिडिओत आम्ही मातीच्या जंप्सवर, म्हणजे सायकलवरून उडी मारायला बांधलेल्या ढिगांवर, पाइपनं पाणी मारताना दिसतो. काका पुरंदरमधले शेतकरी, त्यांच्या वाडीवर टँकर चार दिवसाआड येतो, आणि ते म्हणतात की माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही शिकलेली पोरं ढिगाऱ्याला पाणी पाजताय. दुसरं म्हणजे तिशी आली तरी लहान पोरांच्या सायकलवरून उड्या मारायच्या, हातपाय मोडले की आईबापांनी बघायचं. तिसरं, गावातली पोरं बघून तेच करणार. आणि अगदी शेवटी एक ओळ, "त्या मधल्या ढिगाची डावी कड पावसात जाणार, माती चोपता येत नाही तुम्हाला."

पाण्याचं आधी घेतो, कारण ते सगळ्यात जास्त लागलं.

व्हिडिओतलं पाणी पिण्याचं नाही. मी राहतो त्या सोसायटीत सांडपाण्याचा प्लांट आहे, त्यातलं प्रक्रिया केलेलं पाणी बागेला वापरून उरतं ते नाल्यात जायचं. कमिटीला रीतसर अर्ज करून ते आम्ही २०० लिटरच्या ड्रममधे भरतो आणि मित्राच्या छोट्या टेंपोतून पहाटे दिवे घाट चढून आणतो. तीन ड्रम, म्हणजे ६०० लिटर, आठवड्यातून दोनदा. त्याला थोडा वास असतो, ग्लोव्हज घालून मारावं लागतं आणि पोरांना त्या पाइपला हात लावू देत नाही. हे सगळं व्हिडिओत सांगायला हवं होतं. ज्याच्या घरी हंडे रांगेत लावलेत त्याला पडद्यावर फक्त पाणीच दिसणार ना, ते कुठून आलं ते कसं दिसेल. ही चूक माझी, आणि पोस्टच्या वर आता तसं लिहिलंय.

पण तुम्ही विचारलं नाहीत तेही सांगतो, नाहीतर हा हिशोब अर्धाच राहील. पहिले दोन उन्हाळे आम्ही बोअरचं पाणी वापरलं. जागा मित्राच्या मामांची, मुरमाड पडीक तुकडा, वरच्या अंगाला त्यांची अंजिराची बाग. मामा म्हणाले घ्या रे चार बादल्या, आणि आम्ही चार बादल्या म्हणत म्हणत रोज मोटर अर्धा तास चालवायचो. दुसऱ्या वर्षी मेच्या मधेच बोअर गचके देत पाणी टाकायला लागली आणि मग थांबलीच. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात नाहीतर खडकाच्या भेगांमधे, तेवढं उपसलं की पावसापर्यंत संपलं. मामा एका शब्दानं बोलले नाहीत, अंजिराला टँकर घेतला. नंतर एकदा मी बेरीज केली, जलजीवन योजनेचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे, म्हणजे आत्ता एका खेपेला लागतात ते ६०० लिटर धरले तरी जवळपास ११ माणसांचं एका दिवसाचं पाणी. तो आकडा अजून टोचतो. त्यानंतर बोअरला हात लावला नाही आणि त्या टँकरचे पैसे मामांनी नको नको म्हणताना दिले. तर काका, तुमचा राग चुकीच्या जागी नाहीये, फक्त दोन वर्षं उशिरा आलाय.

आणि पाणी लागतंच कशाला, तर मातीचा कण कणाला धरतो तो मधल्या ओलीमुळे. पूर्ण वाळली की मुरमाचं पीठ होतं आणि टेकऑफच्या टोकाला, ज्याला आम्ही लिप म्हणतो, तिथं चाक दाबलं की कपचा निघतो. लिपवरून चाक सुटतानाच कपचा निघाला तर सायकल हवेत वाकडी जाते आणि मग माणूस कुठे पडेल ते त्याच्या हातात राहत नाही. त्यामुळे पाणी मारतो ते जीवासाठी. सकाळचं मारलेलं टिकावं म्हणून वर भिजवलेली गोणपाटं आणि जुने फ्लेक्स टाकून झाकतो. झाकायला लागल्यापासून पाणी निम्म्यावर आलंय. हे आम्हाला पहिल्याच वर्षी सुचायला पाहिजे होतं.

आता लहान पोरांची सायकल. चाक २० इंची असतं म्हणून ती तशी दिसते. सुरुवात पोरांनीच केली हे खरं, १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात मोटोक्रॉसच्या मोटरसायकली बघून पोरं आपल्या छोट्या सायकली मोकळ्या रानात घालायला लागली, त्यातून हे बीएमएक्स आलं. २००८ ला बीजिंगमधे त्याची रेस ऑलिंपिकला गेली, टोकियोत फ्रीस्टाइलही, म्हणजे कसरतींचा प्रकार, आलं. आम्ही करतो ते डर्ट जंपिंग मात्र ऑलिंपिकमधे नाही, त्यात नोकरीचा कोटा नाही, मेडल नाही. चाक छोटं, फ्रेम क्रोमोली स्टीलची, वजन साधारण ११-१२ किलो, गिअर एकच, ब्रेक फक्त मागचा, सीट एकदम खाली म्हणजे हवेत गुडघ्यांना आडवी येत नाही. या सायकलवरून कामाला जाता येत नाही हे तुमचं खरं, दोन किलोमीटरमधे पाय भरून येतात. कामाला मी बसनं जातो.

माझा उन्हाळ्याचा दिवस तुम्हाला सांगावासा वाटतो, कारण व्हिडिओ दहा सेकंदांचा असतो आणि त्यात सगळं उडणंच दिसतं. दुपारी १ ते रात्री १० शिफ्ट. झोपायला साडेअकरा, हल्ली गच्चीवरच. पावणेपाचला उठायचं, आईनं रात्रीच ठेवलेली भाकरी, लसणीची चटणी आणि ताकाची बाटली घ्यायची, घाटात वर पोचेपर्यंत फटफटतं. पोचल्यावर सायकल कोणी काढत नाही. आधी गोणपाटं काढायची, लिपवरून हात फिरवायचा, हाताला भुसभुशीत लागलं तिथं खरवडून ओली माती भरायची, खोऱ्याच्या पाठीनं थापायची, मग लँडिंगवरचे, म्हणजे उडीनंतर चाक टेकतं त्या ढिगावरचे, खडे वेचायचे. तासभर हेच. मग साडेसहा ते साडेआठ सायकल. नऊनंतर वारा सुटतो आणि ऊनही चढतं, अडीच-तीन मीटर उंचीवर आडवा वारा लागला तर हँडल हातात असून नसल्यासारखं, म्हणून बंद. परत झाकायचं, टेंपोत ड्रम चढवायचे, अकराला घरी, अंघोळ, जेवण, शिफ्ट.

म्हणजे एका सकाळी चार तासातले हवेत किती, तर एका उडीला सेकंदभर, अशा चाळीसेक उड्या. मिनिटसुद्धा भरत नाही! बाकी सगळा वेळ खोरं नाहीतर घमेलं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात बेथलेहेमला झाडीतले पॉश नावाचे जुने ट्रेल्स आहेत, तिथले लोक वर्षानुवर्षं मातीच करत आलेत. जगभर या खेळात एकच नियम चालतो, नो डिग नो राइड, जो खणणार नाही त्यानं उडवायचं नाही. आमच्याकडे भारी सायकली घेऊन शहरातून लोक येतात, त्यांच्याही हातात आधी घमेलं देतो, काही जण त्याच दिवशी परत जातात.

तुम्ही म्हणाल हे कष्ट शेतात केले असते तर. खरंय. पण तालमीत पैलवान रोज हौदा खणतो, लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतो, तिथं कोणी विचारत नाही की ताक मातीत का. माती राखली नाही तर अंग मोडतं हे त्याला माहीत असतं. आमचंही तसंच आहे असं मला मनापासून वाटतं.

अंग मोडण्याचं म्हणाल तर त्यावर मी वाद घालणार नाही. हा खेळ धोक्याचा आहे. स्टीफन मरे नावाचा ब्रिटिश रायडर, डर्टमधला जगातल्या सगळ्यात चांगल्यांपैकी एक, २००७ मधे बाल्टिमोरच्या स्पर्धेत डबल बॅकफ्लिप मारताना पडला आणि मानेखाली लुळा झाला. हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि मी नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतो. माझं स्वतःचं म्हणजे तीन वर्षांपूर्वी दोन ढिगांमधल्या एका गॅपला कमी पडलो, पुढचं चाक लँडिंगच्या कडेवर आदळलं, डावा हात टेकला. एका दवाखान्यात एक्सरे काढून मुरगळलंय म्हणाले, बँडेज बांधून पाठवलं. तीन आठवडे मी त्या हातानं कीबोर्ड बडवत होतो. मग दुसऱ्या डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तेव्हा डोळ्यापुढे अंधारी आली, मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं, ते पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही आणि त्याला रक्तपुरवठा कमी म्हणून जुळायलाही वेळ घेतं. दहा आठवडे प्लास्टर. आई माझ्या भाकरीचे तुकडे करून द्यायची, तिनं तेव्हा एकदाच विचारलं, सोडता येणार नाही का रे. मी नाही म्हणालो, आणि ते नाही म्हणणं तिला किती जड गेलं ते मला दिसलं होतं. तुमची दुसरी तक्रार वाचताना तेच डोळ्यासमोर आलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच की तेव्हापासून वाऱ्यात आणि थकल्यावर उडी घेत नाही, आणि घरी पोचलो की आधी फोन करतो, ती कुठेही असली तरी.

गावातल्या पोरांचं. येतात, हो. सुट्टीत रोज पाच-सहा येतात. त्यांना हाकललं तर ती आम्ही नसताना येतील, हे आमच्या लक्षात आलं, म्हणून उलट केलंय. त्यांच्यासाठी कडेला गुडघ्याएवढा टेबलटॉप केलाय. टेबलटॉप म्हणजे टेकऑफ आणि लँडिंगच्या मधे खड्डा नाही, भरून सपाट केलेलं, कमी पडलं तरी चाक सपाटीवरच टेकतं. मोठ्या डबलला, म्हणजे दोन सुट्या ढिगांच्या जंपला, मधे मोकळं असतं, तिथं कमी पडलं की माझ्या मनगटाचं झालं ते होतं. मोठ्या जंप्सच्या रांगेच्या तोंडाला आम्ही जाताना काटेरी फांद्या टाकतो. हेल्मेट चार आहेत, आळीपाळीनं, हेल्मेटशिवाय टेबलटॉपसुद्धा नाही. त्यातली एक आठवीतली पोरगी आहे, तिला उड्यांपेक्षा मातीत जास्त रस, कुठली माती कुठे टाकायची ते आता मला ती सांगते. तिच्या आजोबांनी धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर बांधलेलं, असं ती सांगत होती.

म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो, जी मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. डावी कड. काका, ती काल रात्री गेली. वळीव पाऊणच तास पडला, पण आज सकाळी मित्रानं फोटो पाठवला, मधल्या लिपची डावी बाजू हातभर खाली बसलीय, उजवी जशीच्या तशी. तुम्ही मोबाइलवर दहा सेकंद बघून हे ओळखलंत आणि आम्ही सहा जण महिनाभर त्याच्यावर राबतोय!

आम्ही काय करतो ते सांगतो, तुम्ही चूक दाखवा. आत मुरूम, चार-पाच बोटांचा थर, पाणी, धुम्मस (माती ठोकायचं जड ठोकणं), पुन्हा थर. वरून सहा इंच पांढरी माती, ही पडक्या वाड्याच्या भिंतीची, मालकाला विचारून आणलेली. काळी माती एकदा वापरली होती, उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, तेव्हापासून बंद. डावी बाजू आम्ही शेवटी केली, तेव्हा पांढरी संपत आली होती आणि धुम्मस तिरक्या कडेला नीट बसत नाही म्हणून नुसत्या खोऱ्यानं थापली. मला वाटतं तिथेच गडबड आहे, आत आणि वर दोन वेगळे थर राहिले आणि मधून पाणी शिरलं. आजी जमीन करायची तेव्हा लाकडी चोपण्यानं कडा चोपायची, हे मला आत्ता लिहिताना आठवलं, तसलं चोपणं आमच्याकडे नाही. मातीत भुसा कालवून ती आठवडाभर कुजवायची असंही ऐकलंय, ते जंपला चालेल का, की चाकाखाली भुसा सुटून येईल?

पुढचे तीन-चार दिवस माती कामाला एकदम बरोबर असेल, वरून पाणी मारायलाच नको. कड पुन्हा बांधायची तर आत्ताच, कारण पालखी घाट चढायच्या आत सगळं झाकून आम्ही पावसाळ्यापुरतं बंद करतो. मामांची बाग तुम्हाला बहुतेक माहीत असेल, नसेल तर इथेच लिहा, मी सासवडच्या स्टँडवर घ्यायला येतो. चोपणं असेल तर आणा. मंगळवारी आलात तर आम्ही सगळेच असू, फक्त नऊच्या आत या, नंतर वारा सुटतो.