पाचशेच्या आत धबधबा

नागपुरात पाऊस पडतो तो पडतो, पण एकदा पडून झाल्यावर त्या पाण्याला आणखी कुठे पडायला जागा नाही. सगळा सपाट कारभार. उंचावरून पडणारं पाणी बघायची हौस असलेला माणूस पावसाळ्यात अंबाझरीच्या ओव्हरफ्लोवर जायचा, भुट्टा खायचा आणि तेवढ्यालाच निसर्ग म्हणायचा. २०२३ च्या सप्टेंबरात ते पाणी खालच्या वस्त्यांमधल्या घरांत शिरलं, तेव्हापासून त्याच्याकडे कौतुकाने बघवत नाही. खरा धबधबा हवा तर एक तर चिखलदरा गाठा, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर आणि वर मुक्काम. नाही तर उत्तरेला सातपुडा चढायला लागा. आपली सपाटी संपून छिंदवाड्याचं पठार जिथे सुरू होतं तिथे सिलेवानीचा घाट आहे. त्याच डोंगरांत, रामाकोना आणि उमरानाला या दोन स्टेशनांच्या मधे, कुकडी खापा नावाचा साठेक फुटांचा धबधबा आहे. इथून शंभरेक किलोमीटर. सकाळी जा, संध्याकाळी परत. मुक्काम नाही, म्हणजे हॉटेलचं भाडं नाही.

आमच्या बँकवाल्या मित्राला धबधब्यापेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त आवडलं.

मित्रांची नावं देत नाही, कारण त्यांच्या बायका वाचतात. बँकवाला खजिनदार झाला, म्हणजे कोणी केला नाही, तोच झाला. त्याने ग्रुपवर आधीच जाहीर केलं, "कॉन्ट्री पाचशेच्या वर गेली तर मले धरू नका." दुसरा गाडीवाला. गाडी त्याची, पेट्रोल सगळ्यांचं आणि अट एकच, ओल्या कपड्यांनी सीटवर बसायचं नाही. धबधब्याला जाणाऱ्यांना ही अट घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तिसरा मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतला. चौथा मी. आणि ऐनवेळी निघाला गाडीवाल्याचा साळा, बहिणीकडे चार दिवस आलेला, सहा फूट उंच. त्याची कॉन्ट्री कोणी द्यायची? जावयाच्या गाडीत साळ्याने पैसे द्यावेत, तर पाहुण्याचा अपमान. जावयाने द्यावेत, तर गाडीही त्याचीच आणि भुर्दंडही त्यालाच. शेवटी बँकवाल्याने निकाल दिला, "साळा हाफ तिकीट." साळ्याने मान खाली घातली. लाजेने नव्हे, गाडीचं छत डोक्याला लागत होतं म्हणून.

पहाटे पाचला निघालो. डबे घरून घेतले होते, त्यामुळे बाहेर खायचं नाही असं ठरलेलं होतं. पण तर्री पोह्यांचा ठेला चालू दिसत असताना नागपूरचा माणूस गाडी पुढे काढू शकत नाही, बँकवालासुद्धा नाही. त्याने तोड काढली. दोघांत एक प्लेट आणि तर्री पाहिजे तेवढी, कारण वरची तर्री मागितली तर तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. मास्तरांनी ही योजना फार मनावर घेतली. पोहे संपल्यावरही ते तर्री घेत राहिले, रिकाम्या प्लेटमध्ये, चमच्याने, सुपासारखी. ठेलेवाला त्यांच्याकडे बघत होता, पण काही बोलला नाही. बहुतेक त्याला पुढचं दिसत होतं.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या आणि बँकवाल्याने मागून हाक दिली, "टोल वाचवायचा असंल तर आतून घे." सरळ सावनेरचा चौपदरी रस्ता सोडून आम्ही खापरखेड्याकडे वळलो. त्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जातात. पावसाळ्यात ट्रक आणि खड्डे मिळून जे काही तयार करतात त्याला चिखल म्हणणं अन्याय आहे, ते काळं असतं आणि काचेवर बसलं की वायपर ते फक्त सारखं पसरवतो. अर्धा तास आम्ही अंदाजाने चाललो. सावनेरला बाहेर आलो तेव्हा गाडीवाल्याने उतरून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "धुलाई कोणाच्या खात्यात?" खजिनदार तेव्हा झोपलेला होता. निदान डोळे तरी मिटलेले होते.

पुढे राज्याची सीमा. पेट्रोल इकडे टाकायचं की तिकडे, यावर दोन मोबाइल आणि तीन मतं निघाली. भाव नीट मिळेपर्यंत सीमा मागे गेली होती आणि भाव मिळाल्यावर कळलं की इकडेच टाकायला हवं होतं.

सौंसरजवळ मास्तर म्हणाले, जामसावळीचा मारुती जवळच आहे, दर्शनाला पैसे लागत नाहीत. बिनपैशाची गोष्ट म्हटल्यावर वाकडी वाट लगेच सरळ झाली. जामसावळीला मारुती आडवा आहे, निजलेला. पहाटे साडेतीनला उठून, पाच जणांत मधे दबून आलेल्या आम्ही सगळ्यांनी मनोभावे हात जोडले, पण मनात भक्तीपेक्षा हेवा जास्त होता.

सौंसरच्या पुढे रस्त्याच्या कडेला भुट्टे भाजणारे बसतात. छिंदवाडा म्हणजे मक्याचा मुलूख. इथे एक नागपुरी खोड सांगायलाच हवी. आम्ही घरात मराठी आणि विकणाऱ्यासमोर हिंदी. त्यातून आता आपण मध्य प्रदेशात, म्हणजे शुद्ध हिंदीच हवी, असं ठरवून बँकवाल्याने भाव करायला घेतला. "भैया, पाच ले रहे हैं, थोडा तो कम करो, हम लोग दूर से आए हैं." भुट्टेवाल्या बाईने निखारा फुंकता फुंकता वर पाहिलं आणि म्हणाली, "कुठून आले भाऊ? नागपूरवून? मग काय दूर हाय?" बँकवाला एवढा खजील झाला की त्याने भाव न करता पैसे दिले. त्या दिवसातली तेवढी एकच पूर्ण किमतीची खरेदी.

मग सिलेवानीचा घाट लागला. वळणं सुरू झाली आणि मास्तरांच्या पोटात तर्री जागी झाली. पहिल्या वळणाला ते गप्प झाले. दुसऱ्याला त्यांनी खिडकी उघडली. तिसऱ्याला म्हणाले, "थांबवा." घाटात थांबायला जागा नव्हती आणि जागा आली तेव्हा तिथे सेल्फी काढणारं एक अख्खं कुटुंब उभं होतं. पुढच्या जागेपर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण मास्तरांनी ते ज्या चेहऱ्याने पार केलं तो चेहरा मी विसरणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या तिथेच संपल्या. बँकवाल्याने वहीत पाण्याचा खर्च लिहिला आणि पुढे कंसात 'मास्तर'.

धबधबा मात्र खरंच होता. आदल्या रात्री पाऊस झाला असावा, कारण पाणी जास्त दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं होतं आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हा फायदा मी आधी लक्षात घेतला नव्हता. बँकवाला काहीतरी सांगत होता, तोंड हलत होतं, बोटं मोजत होती, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. आम्ही कड्याखाली गेलो नाही, पाणी वाढायला तिथे वेळ लागत नाही. कडेच्या खडकावर बसलो तरी तुषारांनीच नखशिखांत भिजलो. साळ्याने पहिल्यांदा हात वर करून अंग ताणलं. गाडीवाला लांब उभा राहून आमचे कपडे किती ओले होताहेत ते बघत होता. मास्तर एका झाडाखाली डोळे मिटून बसले होते आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही. डबे तिथेच उघडले. भरली वांगी, ठेचा आणि पोळ्या. मास्तरांच्या वाट्याची पोळी साळ्याने खाल्ली, तरी त्याचं तिकीट हाफच राहिलं.

परत गाडीशी आलो तेव्हा गाडीवाल्याने डिक्कीतून युरियाची रिकामी पोती काढली. शेती आहे त्याची काटोलकडे. सगळ्या सीटांवर पोती अंथरून झाली, तेव्हा म्हणाला, "बसा आता." ओल्या कपड्यांनी प्लॅस्टिकच्या पोत्यावर शंभर किलोमीटर बसणं म्हणजे प्रत्येक वळणाला शेजाऱ्याच्या मांडीवर जाणं. वर पोत्यात उरलेल्या दाण्यांमुळे खाज. सावनेरपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही, फक्त खाजवण्याचा आवाज. येताना टोल भरला. कोणी विचारलं नाही, गाडीवाल्याने सरळ गाडी लेनमध्येच घातली.

घरासमोर उतरून बँकवाल्याने हिशेब वाचला. प्रत्येकी चारशे ऐंशी, साळा दोनशे चाळीस. गाडीची धुलाई धरलेली नव्हती, आणि तो विषय निघायच्या आत निरोप घेऊन तो पाठ फिरवून चालायला लागला. फिकट रंगाची पॅन्ट होती त्याची. पोत्याची शाई मागच्या बाजूला उतरली होती, उलट्या अक्षरांत पण वाचता येण्याजोगी: नीम लेपित युरिया, ४५ किलो.

"हे नीम लेपित काहून असते हो?" साळ्याने विचारलं. दिवसभरात तो पहिल्यांदाच इतकं बोलला.

मास्तर अजून पांढरेफटक होते, पण प्रश्न विचारला की उत्तर देणं त्यांच्या अंगात आहे. "नत्र एकदम निघून जात नाही त्याच्यानं. हळूहळू सुटते."

साळा त्या पाठमोऱ्या पॅन्टीकडे बघत म्हणाला, "तरीच. यायच्या हातून पैसे बी तसेच सुटते."