निवड नेमकी कोण करतं, पालक की शाळा?

‘सरकारला शाळा चालवता येत नाहीत, देऊन टाका खाजगी लोकांना.’ हल्ली हे कुणीही सहज बोलून जातं. त्यामागचा वैताग मला कळतो. वर्गावर न येणारे शिक्षक, जे येतात त्यांचा कागद रंगवण्यात जाणारा वेळ, तक्रार केली तरी ढिम्म न हलणारे अधिकारी. ज्यांना परवडतं ते पोरांना तिथून काढून घेतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण ‘देऊन टाका’ हा प्रयोग जगात होऊन गेलाय.

मूळ कल्पना अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली होती. सरकारने फक्त पैसे द्यावेत, शाळा पालक निवडतील, वाईट शाळा आपोआप बंद पडतील. चिलीत पिनोशेच्या लष्करी राजवटीने १९८१ मध्ये ती देशभर राबवली. मुलामागे ठरावीक अनुदान, मग शाळा सरकारी असो वा खाजगी. पुढे नव्वदच्या दशकात अनुदान घेऊन वर पालकांकडून फी घ्यायलाही मोकळीक मिळाली.

झालं काय, तर शाळाच मुलं निवडायला लागल्या. प्रवेशाआधी चाचण्या, आईवडिलांच्या मुलाखती. यात शाळांचा हिशोब अगदी बरोबर होता. निकाल चांगला लावायचे मार्ग दोनच: कच्च्या पोराला घासून तयार करा, नाहीतर आधीच तयार असलेलं पोर घ्या. दुसरा कितीतरी स्वस्त पडतो. आणि पालकांना बाहेरून दिसतो तो फक्त निकाल. त्यातलं शाळेने किती शिकवलं आणि घरून किती आलं, हे कळायला मार्ग नाही. म्हणजे स्पर्धा होते ती शिकवण्याची नाही, मुलं वेचण्याची. जे वेचले जात नाहीत ते उरलेल्या सरकारी शाळेत, आणि मग त्याच शाळेचा निकाल दाखवून म्हणायचं, बघा, सरकारला जमत नाही!

२००६ आणि २०११ मध्ये चिलीतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २०१५ च्या कायद्याने अनुदानित शाळांमधली नफेखोरी आणि मुलांची निवड यांवर बंदी आली, फी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. तोवर एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

स्वीडनने १९९२ मध्ये हाच रस्ता धरला. तिथे पुढे जादा फी घ्यायला मनाई झाली, पण नफ्याला नव्हती. २०१३ मध्ये जेबी एज्युकेशन ही शाळा चालवणारी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो मुलांच्या शाळा टांगणीला लागल्या. वाईट धंदा बुडावा हे तत्त्व म्हणून ठीक आहे, पण बुडते त्या वर्षी वर्गात कुणीतरी बसलेलं असतं.

खाजगी म्हटलं की वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये जवळपास दोन तृतीयांश मुलं बिगरसरकारी शाळांत जातात. १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून त्या शाळांनाही सरकारी शाळांइतकाच पैसा मिळतो. पण परीक्षा तीच, तपासणी तीच आणि नफा खिशात घालायचा नाही. (धार्मिक शाळांना काही वेळा श्रद्धेच्या मुद्द्यावर प्रवेश नाकारता येतो. ते मला खटकतंच.)

त्यामुळे माझ्या अटी तीन: मुलं निवडायची नाहीत, वरून फी घ्यायची नाही, नफा काढायचा नाही. एवढं मान्य करून कुणी पुढे येत असेल तर खुशाल द्या शाळा. शिक्षण खाजगी करा म्हणून सर्वात मोठ्याने ओरडणाऱ्यांपैकी त्या रांगेत किती दिसतील, याची मला उत्सुकता आहे.