सिअ‍ॅटलच्या चार बँडची चुकीची वाटणी

ग्रंजबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातून नव्वदीच्या सुरुवातीला जगभर गेलेल्या रॉकबद्दल, एक मजकूर गेली काही वर्षं सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: निर्वाणा हा एकटाच खरा पंक (छोटी, वेगवान, ओबडधोबड गाणी) बँड. पर्ल जॅम म्हणजे निर्वाणाची लाट पाहून रेकॉर्ड कंपनीने उभा केलेला स्टेडियम रॉक. साउंडगार्डन आणि अ‍ॅलिस इन चेन्स मुळात मेटलवाले (जड, कर्कश गिटारचं संगीत), केवळ सिअ‍ॅटलचे म्हणून ग्रंजमध्ये धरलेले. आणि शेवटी, १९९१ मध्ये ग्रंजने मेटल संपवलं. एका दमात वाचून पटेल असं हे लिखाण आहे, पण त्या काळच्या रेकॉर्ड्स आणि तारखा समोर ठेवल्या की त्यातलं फारसं काही उरत नाही.

पहिला मुद्दा निर्वाणाचा. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने आपल्या आवडत्या पन्नास अल्बमची यादी वहीत लिहून ठेवली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. तीत सेक्स पिस्टल्स आणि ब्लॅक फ्लॅग हे पंक बँड आहेत, आणि एअरोस्मिथ या हार्ड रॉक बँडचा 'रॉक्स'ही आहे. जानेवारी १९८८ मध्ये निर्माता जॅक एंडिनोच्या हाताखाली या मंडळींनी जे रेकॉर्डिंग केलं, त्यातल्या एका गाण्याचं नावच 'एअरो झेपेलिन', म्हणजे एअरोस्मिथ आणि लेड झेपेलिन या दोन हार्ड रॉक बँडच्या नावांची जोड. १९९० मध्ये किस या हार्ड रॉक बँडला मानवंदना म्हणून निघालेल्या संग्रहात निर्वाणाने किसचं गाणं वाजवलं. बेसवादक क्रिस्ट नोव्होसेलिकने सांगितलेली आठवण तर फारच बोलकी आहे: 'ब्लीच' या पहिल्या अल्बमच्या दिवसांत गाडीत एक कॅसेट सारखी वाजायची, तिच्या एका बाजूला गोड चालींचे स्मिदरीन्स आणि दुसऱ्या बाजूला सेल्टिक फ्रॉस्ट हा स्वित्झर्लंडचा कडक मेटल बँड. 'अबाउट अ गर्ल' आणि 'पेपर कट्स' ही त्याच अल्बममधली दोन गाणी लागोपाठ ऐका, कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकू येतात. पुढे 'नेव्हरमाइंड' या गाजलेल्या अल्बमचं मिक्सिंग केलं अँडी वॉलेसने, आणि वॉलेसचं नाव त्याआधी स्लेयर या मेटल बँडच्या अल्बमवर होतं. निर्वाणात पंक होता, भरपूर होता. पण तो मेटल वगळून आलेला नव्हता.

पर्ल जॅमवरचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो, म्हणून इथे जरा थांबतो. 'लाट पाहून' हा भाग तारखांवरच निकालात निघतो. पर्ल जॅमचा पहिला अल्बम 'टेन' बाजारात आला २७ ऑगस्ट १९९१ ला, 'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबरला. लाट यायची होती. आता 'कंपनीने उभा केलेला' हा भाग. पर्ल जॅमचा बेसवादक जेफ अमेंट मोंटानातल्या डिरेंज्ड डिक्शन या हार्डकोर पंक बँडमधून सिअ‍ॅटलला आला. १९८४ मध्ये तिथे ग्रीन रिव्हर सुरू झाला, त्यात अमेंट होता, लवकरच पुढे पर्ल जॅमचा गिटारवादक झालेला स्टोन गोसार्ड आला, आणि याच बँडमध्ये मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नर होते, म्हणजे पुढच्या मडहनी या पंक बँडचा गाभा. मडहनीला अस्सल म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि पर्ल जॅमला नकली ठरवायचं, तर आधी हे सांगावं लागेल की एकाच बँडमधून, एकाच तालमीच्या खोलीतून निघालेल्या चौघांपैकी दोघांचीच मुळं खरी कशी.

ग्रीन रिव्हर १९८७ मध्ये फुटला. आर्मला छोट्या स्वतंत्र लेबलवर राहायचं होतं, अमेंट आणि गोसार्डला मोठ्या कंपनीचा करार हवा होता. पुढे कोबेनने मुलाखतींतून पर्ल जॅमवर जी टीका केली तिची मुळं याच भांडणात आहेत. हा वाद बाजाराशी किती जवळीक करायची याचा होता. वाजवणारा कोणत्या संगीतावर वाढला याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि बाजाराच्याच मापाने मोजायचं तर 'नेव्हरमाइंड' काढणारं डीजीसी हे गेफेनचं लेबल होतं, त्याच गेफेनचं जिथे गन्स अँड रोझेस हे हार्ड रॉकचे मोठे तारे होते.

एक गोष्ट मी मान्य करतो: 'टेन'चा आवाज मोठा, प्रतिध्वनीने भरलेला आहे, आणि गिटारवादक माइक मॅक्रेडीचे लांबलचक गिटार सोलो सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉककडेच बोट दाखवतात. त्या एका अल्बमवरून मत बनवणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्यानंतरचं पाहा. १९९२ नंतर १९९८ पर्यंत त्यांनी एकही म्युझिक व्हिडिओ केला नाही, तेही एमटीव्हीच्या भरभराटीच्या काळात. १९९४ मध्ये तिकिटांवरच्या अधिभारावरून ते टिकेटमास्टर या तिकीटविक्रीच्या कंपनीशी भिडले, अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली, अमेंट आणि गोसार्डने ३० जूनला काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली, आणि त्या उन्हाळ्याचा दौरा सोडून दिला. १९९५ मध्ये न्याय विभागाने चौकशी गुंडाळली, फायदा काही झाला नाही. कंपनीच्या इशाऱ्यावर चालणारा बँड ऐन यशात असं करत नाही.

साउंडगार्डनच्या बाबतीत तर क्रमच उलटा आहे. किम थायिल (आईवडील केरळचे, लहानपण शिकागोजवळ गेलं) आणि हिरो यामामोटो यांनी ख्रिस कॉर्नेलबरोबर १९८४ मध्ये बँड सुरू केला. १९८६ च्या 'डीप सिक्स' संग्रहात ते ग्रीन रिव्हर, मेल्व्हिन्स आणि यू-मेनच्या शेजारी आहेत. १९८८ चा 'अल्ट्रामेगा ओके' निघाला एसएसटीवर, ब्लॅक फ्लॅगच्या ग्रेग गिनच्या लेबलवर. सगळ्यात जाडी तार सूर उतरवून लावायची, म्हणजे जड रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी ओळ) एका बोटाने वाजतो, ही ड्रॉप डीची युक्ती थायिलला कळली ती मेल्व्हिन्सच्या बझ ऑस्बोर्नकडून, आणि बोलणं चाललं होतं ब्लॅक सॅबथ या मेटलच्या आद्य बँडबद्दल. सॅबथ त्यांच्यापर्यंत पोचला तो असा, पंकवाल्यांच्या तोंडून.

इथेच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. १९८४ मध्ये ब्लॅक फ्लॅगने 'माय वॉर' काढला. त्याच्या दुसऱ्या बाजूला तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, आणि चाल ओझं ओढत नेल्यासारखी. दीड मिनिटाच्या गाण्यांवर उड्या मारणारे अनेक पंक श्रोते चिडले. वॉशिंग्टन राज्याच्या कोपऱ्यातल्या मॉन्टेसानो गावच्या मेल्व्हिन्सनी मात्र तो संथपणा उचलला आणि आणखी ताणला. त्याच ऑस्बोर्नने कोबेनला पंकच्या कॅसेट भरून दिल्या, मेल्व्हिन्सच्या डेल क्रोव्हरने 'ब्लीच'मधल्या काही गाण्यांवर ड्रम वाजवले, आणि पुढचा ड्रमर डेव्ह ग्रोल याची निर्वाणाशी गाठही ऑस्बोर्ननेच घालून दिली. या माणसांना पंक आणि मेटल यांतलं एक निवडायचंच नव्हतं. पंक संथ झाला की सॅबथच्या दारात जाऊन उभा राहतो, हे त्यांना वाजवता वाजवता कळलं होतं.

अ‍ॅलिस इन चेन्सबद्दल त्या मजकुरात अर्धं खरं आहे. गायक लेन स्टेली ग्लॅम (भडक कपडे-मेकअपच्या) मेटलमधून आला, गिटारवादक जेरी कँट्रेलचे रिफ सरळ मेटलचे आहेत, १९९१ मध्ये ते स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्सबरोबर दौऱ्यावरही गेले. पण म्हणून सिअ‍ॅटलमध्ये ते परके होते का? १९९२ च्या 'सॅप'मधलं 'राइट टर्न' ऐका. त्यात स्टेली आणि कँट्रेलबरोबर साउंडगार्डनचा कॉर्नेल आणि मडहनीचा मार्क आर्म गातात, आणि श्रेय दिलं आहे 'अ‍ॅलिस मडगार्डन' या नावाला. सर्वांत मेटल आणि सर्वांत पंक मानले जाणारे दोन गळे एकाच गाण्यात.

मेटल संपल्याचा मुद्दा थोडक्यात. लॉस एंजेलिसचं ग्लॅम मेटल ओसरलं, हे खरं. पण मार्च १९९४ मध्ये साउंडगार्डनचा 'सुपरअननोन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर दाखल झाला आणि त्याच महिन्यात निघालेला पँटेरा या मेटल बँडचा 'फार बियाँड ड्रिव्हन'ही थेट पहिल्याच क्रमांकावर आला. पँटेराचा तो अल्बम एकदा कानावर घातला की कुणी मेटलचा मृत्यू १९९१ मध्ये नोंदवणार नाही.

आपल्याकडे हे बँड आले ते नव्वदीच्या सुरुवातीला, केबलवरच्या एमटीव्हीतून, सगळे एकदम आणि आधीच मोठे झालेले. १९८४ ते १९८९ चा काळ आपण पाहिलाच नाही, त्यामुळे वर दिलेली वाटणी पटकन खरी वाटते. तो काळ आज ऐकायला मिळतो. 'माय वॉर'ची दुसरी बाजू, मग १९८७ चे तीन: मेल्व्हिन्सचा 'ग्लूई पोर्च ट्रीटमेंट्स', ग्रीन रिव्हरचा 'ड्राय अ‍ॅज अ बोन', साउंडगार्डनच्या 'स्क्रीमिंग लाइफ'मधलं 'नथिंग टू से'. आणि त्यानंतर 'ब्लीच'. याच क्रमाने ऐका, आणि मग निर्वाणाला बाकीच्यांपासून वेगळं काढून दाखवा.